चित्रातील ओठ आणि घरातील बोली

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त चौबे कॉलोनी, रायपूर येथील सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



व्याख्यानमालेच्या पत्रिकेत संतवाङ्मय, नाट्यसंगीत, मराठेशाहीचा इतिहास अशा भारदस्त विषयांच्या रांगेत 'चित्रातील पात्रे बोलतात कशी?' हा आमचा विषय वाचून काही मंडळींनी स्मित केले, हे आम्हांस ठाऊक आहे. सुवर्णमहोत्सवी वर्षात कार्टूनवर व्याख्यान कशासाठी, असा प्रश्न एका ज्येष्ठ सभासदांनी मोकळेपणी विचारलाही. प्रश्न रास्त होता. आम्ही त्यांना एवढेच म्हणालो, की आपण ऐकून घ्या. शेवटी आम्ही चित्रांविषयी बोललो की आपल्या घराविषयी, हे आपणच ठरवा.

प्रारंभ एका फजितीपासून करतो. गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही चौघा-पाच जणांनी मंडळाच्या मुलांना हाताशी धरून दीड मिनिटाचे एक चलच्चित्र तयार करण्याचे ठरविले. विषय सर्वांच्या ओळखीचा, चिऊकाऊची गोष्ट. पाऊस पडतो आहे, कावळ्याचे घर वाहून गेले आहे, तो चिमणीचे दार ठोठावतो आहे, आणि आतून चिऊताई आपल्या बाळाची एकेक सबब सांगते आहे. ही गोष्ट एक आजी आपल्या नातवाला सांगते, एवढीच रचना. मुलांनी कागदावर चित्रे काढली, मोबाईलने त्यांची छायाचित्रे घेतली आणि संगणकावर ती एकामागून एक लावली.

चित्रपटाच्या पडद्यावर सेकंदाला चोवीस चौकटी सरकतात. चित्रकार बहुधा एक चित्र दोन चौकटी टिकवितात, म्हणजे सेकंदाला बारा चित्रे लागतात. दीड मिनिटाचा हिशेब एक हजार ऐंशी चित्रांवर गेला तेव्हा पालकांचे चेहरे उतरले. मग जुन्या कारागिरांची युक्ती उपयोगी पडली. आजीचे धड आणि डोके तेच ठेवावयाचे. तोंडे मात्र निरनिराळी कापून ठेवावयाची आणि शब्दाप्रमाणे ती बदलावयाची. आम्ही सात तोंडे कापली. आजीचा आवाज मंडळाच्याच एका भगिनींनी दिला आणि नातवाचा आवाज सहा वर्षांच्या एका मुलाने.

पहिला प्रयोग याच सभागृहात झाला. मुलांनी टाळ्या वाजविल्या. पण आम्ही जाणते लोक अस्वस्थ झालो. आवाज उत्तम होता, चित्र नीटस होते, तरी दोहोंचे लग्न लागले नव्हते. आजी बोलत आहे असे वाटण्याऐवजी ती सुपारी चघळत आहे आणि दुसरेच कोणी पडद्यामागून बोलत आहे, असा भास होत होता. पहिल्या रांगेत एक वृद्ध बाई बसल्या होत्या. त्यांना अलीकडे कानांनी कमी येते. समोरच्याच्या ओठांवरून त्या बोलणे ओळखतात. आम्ही त्यांच्याजवळ जाऊन विचारले, "आजी, कसे वाटले?" त्या म्हणाल्या, "अहो, हिचे मला काही कळलेच नाही. बाळ म्हणताना हिचे ओठच मिटत नाहीत!"

त्या एका वाक्याने आमचे शिक्षण सुरू झाले.

बाळ हा शब्द आपण आरशासमोर म्हणून पाहावा. प्रथम दोन्ही ओठ एकमेकांस स्पर्श करतात. त्यावाचून ब उमटत नाही. आपल्या पूर्वजांनी ही गोष्ट अत्यंत सूक्ष्मपणे जाणली होती. आपण मुलांना जी वर्णमाला घोकवितो तिची मांडणीच मुखाच्या रचनेवरून केलेली आहे. क-वर्ग कंठाचा, च-वर्ग टाळूचा, ट-वर्ग मूर्धेचा, त-वर्ग दातांचा आणि प-वर्ग ओठांचा. घशापासून निघून वर्ण पायरीपायरीने ओठांपर्यंत येतात. उ आणि ऊ ओठांचे, ओ आणि औ कंठ व ओठ यांचे, आणि व दात व ओठ यांचा. पाश्चात्त्य चित्रशाळांत 'तोंडांचा तक्ता' म्हणून एक कागद चित्रकाराच्या मेजासमोर टांगलेला असतो. कोणत्या ध्वनीला तोंडाचा कोणता आकार, हे त्यावर दाखविलेले असते. आम्ही इंग्रजी ध्वनींसाठी केलेला असाच एक तक्ता कोठूनसा मिळवून त्यावर विसंबलो होतो. आमच्या मुलांच्या अंकलिपीत त्याहून शास्त्रशुद्ध तक्ता होता, आणि तो आम्हांला दिसला नाही!

वर्णमालेकडे या दृष्टीने पाहिले, की आणखी एक गोष्ट ध्यानी येते. काही वर्ण डोळ्यांना दिसतात आणि काही दिसत नाहीत. प, फ, ब, भ, म दिसतात. उ आणि ओ यांची चंबूसारखी गोलाई दिसते. आ चे उघडे तोंड दिसते. परंतु क, ग, ट, ण हे आतल्या आत घडतात. ओठांना त्यांची वार्ताही नसते. प्रत्येक अक्षराला तोंड हलविण्याच्या हव्यासाने आम्ही आजीला सुपारी चघळावयास लावली होती. मुरलेला चित्रकार दिसणारे वर्ण तेवढे अचूक पकडतो आणि उरलेले वाहू देतो. ओठ मिटण्याचा क्षण मात्र तो कधी चुकू देत नाही. मिटलेले ओठ निदान दोन चौकटी दिसले पाहिजेत, आणि ते ध्वनीच्या किंचित आधी मिटले तर चालेल, मागाहून मिटता कामा नयेत. कारण प्रत्यक्षातही आधी ओठ मिटतात आणि मग ब ऐकू येतो.

डोळ्यांची साक्ष कानांवर किती मात करते याचा एक विलक्षण दाखला आहे. 1976 साली हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनाल्ड या दोन मानसशास्त्रज्ञांनी 'नेचर' या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका व्यक्तीचे तोंड 'ग' म्हणताना दाखविले आणि त्यावर आवाज मात्र 'ब' चा जोडला. पाहणाऱ्यांपैकी बहुतेकांना ना ग ऐकू आला, ना ब. त्यांना ऐकू आला 'द'! डोळे मिटले की तोच आवाज स्पष्ट ब. उघडले की पुन्हा द. म्हणजे आपण केवळ कानांनी ऐकत नाही, डोळ्यांनीही ऐकतो. पहिल्या रांगेतील त्या आजींना जे उघडपणे जाणवले, ते बाकीच्या श्रोत्यांना नकळत जाणवत होते. म्हणूनच ती अस्वस्थता.

आता कोणी विचारील, की डोळे एवढे चिकित्सक असतील तर अर्धवटराव कसे खपून जातात? त्यांच्या लाकडी तोंडाला ना लवचीक ओठ, ना वळणारी जीभ. जबडा खाली जातो आणि वर येतो, एवढीच त्यांची वाणी.

अर्धवटरावांची ओळख मराठी श्रोत्यांना करून देण्याची गरज नाही. यशवंत केशव पाध्ये यांनी 1916 च्या सुमारास हे पात्र जन्मास घातले आणि त्यांचे चिरंजीव रामदास पाध्ये यांनी 1967 पासून ते रंगभूमीवर व पुढे दूरदर्शनवर घरोघर पोहोचविले. आवडाबाईंसह अर्धवटरावांचा संसार म्हणजे महाराष्ट्रातील एक मान्यताप्राप्त कुटुंबच होय. याच परंपरेतून 1993 साली महेश कोठारे यांच्या 'झपाटलेला' या चित्रपटात तात्या विंचू अवतरला. बाहुली पाध्ये यांची, आवाज दिलीप प्रभावळकर यांचा. त्या बाहुल्याने एका पिढीची झोप उडविली. बाहुला आहे हे ठाऊक असूनही मुले घाबरली, यातच त्या कलेचे यश आहे.

शब्दभ्रमाविषयी 'पोटातून बोलणे' असा एक समज आहे. पोट कधी बोलत नाही. कलावंत स्वतःच्याच कंठातून बोलतो. फक्त ओठ स्थिर ठेवतो. त्याची खरी परीक्षा पुन्हा प-वर्गाशीच होते. ओठ न मिटता ब आणि म कसे म्हणावे? त्यासाठी तो जिभेकडून ओठांचे काम करवून घेतो. ब च्या जागी द च्या जवळचा, म च्या जागी न च्या जवळचा ध्वनी सफाईने काढतो. ऐकणाऱ्याचे मन शब्दाच्या ओघात उरलेली दुरुस्ती स्वतःच करते. मॅकगर्क यांच्या प्रयोगात डोळ्यांनी कानांना फसविले. येथे तर ऐकणारे आपण होऊन फसवून घेण्यास सिद्ध असतात.

परंतु ते सिद्ध का होतात, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. अर्धवटरावांचा जबडा नीट पाहिला तर तो प्रत्येक अक्षराला हलत नाही. आघाताच्या जागी उघडतो आणि वाक्य संपताच निश्चयाने मिटतो. बोलण्याआधी अर्धवटराव मान वळवितात, डोळे फिरवितात, समोरच्याकडे रोखून पाहतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते बोलत असता रामदास पाध्ये त्यांचे ऐकत असतात! कलावंताचा चेहरा बाहुल्याकडे वळलेला असतो. बाहुल्याच्या विनोदावर त्याच्या मुखावर संकोच उमटतो, कधी राग उमटतो. आपण त्या ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावरून ठरवितो, की बोलणारा जिवंत आहे. बोलण्याला खरेपणा येतो तो निम्मा ऐकणाऱ्याकडून.

हे उमगल्यावर आम्ही आमच्या चित्राची दुसरी आवृत्ती हाती घेतली. प्रथम त्या वृद्ध आजींच्या घरी गेलो आणि त्यांनाच गोष्ट सांगावयास विनविले. त्या आढेवेढे घेत म्हणाल्या, "माझे काय बघता? दात पडले, तोंड बोळके झाले." मग एका लहानग्याला समोर बसविले, तशी त्यांची कळी खुलली. त्या मुलाकडे पाहून गोष्ट सांगू लागल्या आणि आम्ही चौकटी मोजत त्यांचा चेहरा टिपू लागलो. तेव्हा जे दिसले ते कोणत्याही तक्त्यात नव्हते. 'थांब' म्हणण्याआधी त्या श्वास घेत, भुवई उंचावत, मग हात पुढे येई आणि शब्द सर्वांत शेवटी येई. काजळ म्हणताना नकळत डोळ्याकडे बोट जाई. कावळा गारठला असे सांगताना त्यांचे खांदे आखडत. दोन वाक्यांमध्ये त्या थांबत आणि मुलाला गोष्ट कळली की नाही हे पाहत. पापण्या त्याच वेळी मिटत. ओठ ही त्या साऱ्या हालचालींची केवळ शेवटची लाट होती.

आम्ही सातांपैकी तीन तोंडे काढून टाकली आणि ते श्रम भुवया, पापण्या, मान व खांदे यांवर लावले. नातवाचे चित्रही बदलले. पहिल्या आवृत्तीत तो ठोकळ्यासारखा बसला होता, आता तो आजीकडे पाहून तोंड उघडे टाकून ऐकू लागला. चिऊताईला तर ओठच नाहीत, चोच आहे. तिच्यासाठी अर्धवटरावांचा जबडा आदर्श मानला. दुसऱ्या प्रयोगाच्या वेळी आजी पहिल्या रांगेतून म्हणाल्या, "आता बोलते हो ही!"

या कलेत तोंडाच्या आकारांची काटकसर हा दोष नव्हे, हे मोठमोठ्या उदाहरणांवरूनही दिसते. अमेरिकेत डिस्नेच्या परंपरेत आवाज आधी ध्वनिमुद्रित करून त्याबरहुकूम चित्रे काढतात. जपानात बहुधा चित्रे आधी आणि आवाज मागाहून, व तोंडाचे आकार बहुतेक वेळा तीनच : मिटलेले, अर्धे उघडे आणि पूर्ण उघडे. त्यामुळे जपानी पात्राच्या मुखात दुसरी कोणतीही भाषा पुष्कळशी बेमालूम बसते. रुड्यार्ड किपलिंगने आपल्या शेजारच्या सिवनीच्या डोंगरांत मोगलीची कथा रचली. जपानी चित्रकारांनी 1989 साली तिची मालिका केली. 1993 मध्ये ती हिंदीत दूरदर्शनवर आली, आणि त्यातील शेरखानाला आवाज दिला मराठी नटाने, नाना पाटेकर यांनी. सिवनीचे रान, इंग्रज लेखक, जपानी ओठ, हिंदी शब्द आणि मराठी कंठ! आज चाळिशीत आलेल्या रायपूरकरांना तो शेरखान परका वाटल्याचे आम्ही ऐकलेले नाही. कारण त्या आवाजात डरकाळीपूर्वीचा श्वास होता.

दुसरे उदाहरण याहून जवळचे. फिल्म्स डिव्हिजनच्या 1974 मधील 'एक अनेक और एकता' या छोट्या बोधपटात मुलांच्या तोंडांची अगदी साधी उघडझाप आहे. तरीही दूरदर्शनवर तो पाहिलेली पिढी त्यातील धिटुकल्या मुलीला विसरलेली नाही. चित्रांकन भीमसेन यांचे; परंतु दिग्दर्शन विजया मुळे यांचे, संगीत वसंत देसाई यांचे आणि गाण्यातील बालस्वर साधना सरगम यांचा. तिघेही मराठी, आणि भाषा हिंदी. त्यांतील विजयाबाई मुंबईत जन्मल्या आणि विवाहानंतर पाटण्यास गेल्या. म्हणजे त्याही आपल्यासारख्या मुलखाबाहेरच्याच म्हणावयाच्या.

येथवर सारे सुखाचे झाले. आता आमच्या दुसऱ्या फजितीकडे वळतो; आणि या व्याख्यानाचे मूळ प्रयोजनही तेच आहे.

नातवाचा आवाज देणारा मुलगा चुणचुणीत होता. गोष्ट ऐकता ऐकता तो आजीचे शब्द घोळवीत असे. त्याचे ओठ आम्ही आता अचूक रेखाटले होते. परंतु पडद्यावर तो म्हणाला : बाल, काजल, कावला. सभागृहात हशा पिकला. ळ हा वर्ण ओठांवर दिसत नाही. जिभेचे टोक वळून टाळूला लागते, ते आत. त्यामुळे चित्रात काहीच चुकले नव्हते. चूक, तिला चूक म्हणावयाचे असेल तर, आवाजात होती. योगायोग असा, की ही गोष्ट म्हणजे ळ चे आगरच आहे. कावळा, बाळ, आंघोळ, काजळ. आम्ही गोष्ट निवडली तेव्हा हे आमच्या ध्यानीही आले नव्हते.

हशात सामील न झालेल्या दोनच व्यक्ती होत्या. एक त्या मुलाची आई. तिचे डोळे भरून आले होते. दुसऱ्या त्या वृद्ध आजी. त्यांनी मुलाला जवळ घेतले.

बंधुभगिनींनो, त्या हशाबद्दल आम्ही आज क्षमा मागतो. त्या मुलाचा ल अशुद्ध नव्हता. तो ज्या चेहऱ्यांकडे दिवसभर पाहतो, त्या चेहऱ्यांचा तो होता. शाळेतील गुरुजनांचा, गल्लीतील सवंगड्यांचा, घरी कामास येणाऱ्या छत्तीसगढी मावशींचा. प्रमाण हिंदीत ळ नाही, छत्तीसगढीतही नाही. आणि या दोन्ही भाषांनी आपल्याला पोटाशी धरले आहे. ज्या माधवराव सप्रे यांनी 1900 साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' काढले आणि दासबोध व गीतारहस्य हिंदीत नेले, त्यांच्या गावात बसून हिंदीचा दुस्वास करणे हा कृतघ्नपणा ठरेल. ळ हे शुद्धतेचे पदक आहे असेही नाही. आपल्यापैकी अनेकांची मुळे विदर्भात आहेत, आणि वऱ्हाडातील वडीलधारी माणसे डोळ्याला डोया म्हणत आली. तेही मराठीच, आणि मोठ्या गोडव्याची.

तेव्हा प्रश्न उच्चाराच्या शुद्धतेचा नाही. प्रश्न हा, की आपले मूल मराठी कोणाच्या चेहऱ्यावरून शिकते? वऱ्हाडातील मुलाचा डोया त्याच्या आजीच्या मुखातून आला. आमच्या छोट्या कलावंताचा बाल आजीच्या मुखातून आला नव्हता. त्याच्या आईला आम्ही विचारले, तेव्हा ती म्हणाली, "आम्ही दोघे नोकरीला जातो. मराठी गोष्टी त्याला रोज मोबाईलवर लावून देतो. तो ऐकतो की!"

तो ऐकतो, हे खरे. पण अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला, 2003 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग येथे सांगितला पाहिजे. इंग्रजी घरांतील नऊ महिन्यांच्या बालकांपुढे एक चिनी भाषिक व्यक्ती बसून खेळली, पुस्तके वाचती झाली. अशा बारा बैठका झाल्या. पुढे तपासले तेव्हा त्या बालकांना इंग्रजीत नसलेले चिनी ध्वनी वेगळे ओळखता येत होते. दुसऱ्या गटाला तीच व्यक्ती, तीच पुस्तके चित्रफितीतून दाखविली, आणि तिसऱ्याला केवळ आवाज ऐकविला. या दोन्ही गटांच्या पदरी काहीच पडले नाही. ओठ तेच, ध्वनी तेच. उणा होता तो समोर बसून बालकाकडे पाहणारा माणूस. हा प्रयोग तान्ह्या मुलांवरचा आहे, सहा वर्षांच्या मुलाला तो जसाच्या तसा लागू करता येणार नाही, हे आम्ही जाणतो. तथापि त्याने आम्हांला अर्धवटरावांची आठवण करून दिली. ऐकणाऱ्याकडे पाहून बोलणे आणि बोलणाऱ्याकडे पाहून ऐकणे, यांतच भाषेचा प्राण आहे.

पडद्यावरची उत्तमोत्तम पात्रे आपल्याला फसवू शकतात. परंतु मूल थांबले असता ती थांबत नाहीत, त्याने चुकीचे म्हटले असता पुन्हा म्हणून दाखवीत नाहीत. आज संगणक कोणत्याही माणसाचे ओठ कोणत्याही भाषेशी जुळवून देतो. न बोललेली वाक्ये माणसाच्या मुखी घालणारी चित्रे मोबाईलवरून हिंडतात; त्यांपासून सावध राहिले पाहिजे, हा एक स्वतंत्र विषय होईल. पण ओठ जुळविण्याची ही विद्या कितीही पुढे गेली, तरी आमच्या त्या छोट्याला ळ शिकविला तो बोळक्या तोंडाच्या आजींनी. त्या म्हणाल्या, "बाळा, माझ्या तोंडात बघ. जीभ कशी वळते ती बघ." आणि तोंड मोठे आ करून त्यांनी जीभ वर वळवून दाखविली. दात नसल्यामुळे ती अधिकच स्पष्ट दिसली! मुलगा हसला, मग त्याने तसे केले. रोज संध्याकाळी त्याची आई त्याला अर्धा तास आजींकडे आणून सोडू लागली. पुढे तीही बसू लागली. महिनाभराने आम्ही त्याचा आवाज पुन्हा ध्वनिमुद्रित केला. बाळ जमले, कावळा जमला. काजळ कधी जमते, कधी राहते. आम्ही ते तसेच ठेवले आहे. खरा नातू असाच बोलतो.

आपल्याच गावच्या मातीत याचे मोठे प्रमाण आहे. 1923 साली रायपुरात जन्मलेल्या हबीब तनवीर यांनी 1958 मध्ये 'मिट्टी की गाडी' या नाटकासाठी छत्तीसगढी नाचाचे लोककलावंत दिल्लीस नेले. नट तोलाचे, परंतु त्यांच्या मुखी हिंदी घातली की अंगे अवघडत. काही वर्षांनी, सत्तरच्या दशकारंभी, हबीबजींना उमगले, की या नटांना त्यांच्या छत्तीसगढीतच बोलू दिले पाहिजे. तसे करताच तीच माणसे रंगभूमीवर फुलून आली, आणि 1975 मधील 'चरणदास चोर' पुढे परदेशातही गाजले. छत्तीसगढी बोलीने आपल्या लेकरांसाठी जे केले, ते आपली मराठी आपल्या लेकरांसाठी का करणार नाही? मात्र त्यासाठी ती त्यांच्या अंगात असावयास हवी, आणि अंगात येण्यापूर्वी ती त्यांना कोणाच्या तरी मुखावर दिसावयास हवी.

पन्नास वर्षांपूर्वी या मंडळाची स्थापना करणाऱ्यांनी गणेशोत्सव, वाचनालय, नाटके असे पुष्कळ काही आपल्या हाती दिले. एकावन्नाव्या वर्षासाठी आमची एकच अल्पशी सूचना आहे, आणि तिला वर्गणी लागत नाही. आठवड्यातून एक संध्याकाळ या सभागृहात मंडळातील वृद्धांनी आणि मुलांनी समोरासमोर बसावे. गोष्ट सांगावी, कोडे घालावे, भांडावेसुद्धा. परंतु मराठीत, आणि एकमेकांच्या तोंडाकडे पाहून. ज्यांचे आजी-आजोबा नागपुरास किंवा पुण्यास आहेत त्यांनी फोनच्या पडद्यावर त्यांच्याशी जरूर बोलावे. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की दोन-अडीच वर्षांची मुले अशा प्रत्यक्ष संभाषणातून नवे शब्द शिकतात, आधी टिपलेल्या चित्रफितीतून शिकत नाहीत. पलीकडचा माणूस आपल्याला उत्तर देतो आहे, हे मुलाला कळते. अंतर आड येत नाही. आड येते ते उत्तर न देणारे तोंड.

आता दिवे मालवून आम्ही ते दीड मिनिटाचे चित्र आपणांस दाखविणार आहोत. आजीचे ओठ बाळ म्हणताना मिटतात की नाही ते पाहावे. त्याहून अधिक लक्ष नातवाच्या चेहऱ्याकडे द्यावे. कारण ऐकणाऱ्याचे ते चित्र काढण्यास आम्हांला सर्वांत अधिक वेळ लागला. पहिल्या रांगेत उजवीकडच्या दोन खुर्च्यांवर या चित्राचे खरे गुरू-शिष्य बसले आहेत. आम्ही येथे बोलत असता ते दोघे आपसात काही तरी कुजबुजत होते. आम्हांला त्यांचे शब्द ऐकू आले नाहीत. ओठ मात्र दिसले. ते मराठीत बोलत होते.